निगेटिव्ह कोणाची?

पाचशे रुपयांची नोट उजेडासमोर धरली की तिच्या कोऱ्या भासणाऱ्या भागात गांधीजींचा चेहरा उमटतो. त्याला आपण जलचिन्ह म्हणतो. शेजारीच, छपाईतला तोच प्रसन्न चेहरा मोठ्या आकारात असतो. हा चेहरा कोणा चित्रकाराने कल्पनेने रेखाटलेला नाही. १९४६ साली, आज राष्ट्रपती भवन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, ब्रिटिश मंत्री लॉर्ड पेथिक-लॉरेन्स यांच्यासमवेत गांधीजी उभे असताना कोणीतरी टिपलेल्या छायाचित्रातून तो कापून घेतलेला आहे. रिझर्व्ह बँकेने १९९६ मध्ये महात्मा गांधी मालिकेतील नोटा काढल्या, तेव्हापासून या एका छायाचित्राच्या जितक्या प्रती निघाल्या तितक्या भारतात दुसऱ्या कोणत्याही छायाचित्राच्या निघाल्या असतील असे वाटत नाही. नोटेची नक्कल होऊ नये म्हणून जलचिन्ह, सुरक्षाधागा, सूक्ष्म अक्षरे, रंग बदलणारी शाई असा केवढा बंदोबस्त आहे! मात्र ते छायाचित्र टिपणाऱ्याचे नाव कोणालाच ठाऊक नाही.

ही विसंगती लक्षात ठेवून पुढचा इतिहास वाचावा. छायाचित्राची राखण म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बांधत असतो. त्याची नक्कल होऊ न देणे ही एक, आणि ते कोणाचे आहे ही खूण त्याच्यापासून तुटू न देणे ही दुसरी. समाजमाध्यमांवर टाकलेला आपला पक्ष्याचा, किल्ल्याचा किंवा ग्रहणाचा फोटो परक्याच नावाने फिरताना दिसला की संताप होतो तो बहुधा दुसऱ्या गोष्टीमुळे. उपाय मात्र आपण पहिल्या गोष्टीवर शोधत बसतो. पहिल्या वाटेवर माणसाने आजवर जवळजवळ प्रत्येक वेळी हार खाल्ली आहे. दुसऱ्या वाटेवर अधूनमधून यश आले आहे, तेही अनपेक्षित जागी.

जलचिन्हाचा उगमच याची साक्ष देतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीतील फाब्रियानो परिसरातील कागदी कारखान्यांत लगदा गाळण्याच्या जाळीवर तारेची एखादी आकृती शिवत असत. त्या तारेवर लगद्याचा थर किंचित पातळ बसे आणि कागद वाळल्यावर उजेडासमोर धरला की ती आकृती फिकट दिसे. ही खूण होती कारागिराची. हा कागद अमुक कारखान्यातला, एवढेच ती सांगे. चलनाच्या कागदात बनावटगिरीविरुद्ध तिचा उपयोग पुढे सुरू झाला. नाशिकच्या सरकारी छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या तोवर जलचिन्ह आणि बंदोबस्त हे शब्द जणू समानार्थी झाले होते, आणि मूळची स्वाक्षरी विस्मरणात गेली होती.

छायाचित्रणाचा जन्मही असाच चमत्कारिक आहे. १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झालेली दागेरोटाइप पद्धत वर्षभरातच कलकत्त्यास पोहोचली. तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर एकच प्रतिमा उमटे, आणि तिच्यावरून दुसरी काढण्याची सोय नसे. म्हणजे आरंभीचे छायाचित्र स्वभावतःच नक्कलरोधक होते, आणि नेमक्या याच गुणामुळे ती पद्धत मागे पडली. इंग्लंडमध्ये टॅल्बट याने आणलेली निगेटिव्हची पद्धत टिकली. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. छायाचित्राची किंमतच मुळी त्याच्या प्रती निघण्यात आहे, हे समाजाने तेव्हाच ठरवून टाकले. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि दोनच वर्षांत कलकत्ता व मद्रास येथे तशाच संस्था उभ्या राहिल्या. मुंबईच्या संस्थेतील प्रारंभीच्या भारतीय छायाचित्रकारांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते.

काचेच्या निगेटिव्हच्या या युगात राखणीचा प्रश्न सोपा होता. ज्याच्या कपाटात काच, त्याचे चित्र. सॅम्युएल बोर्न १८६३ मध्ये भारतात आला. त्याच्या आणि पुढे लाला दीनदयाळ यांच्या अनेक प्रतींच्या कडेला बारीक अक्षरांत क्रमांक, स्थळ किंवा नाव दिसते. ते प्रतीवर लिहिलेले नसून निगेटिव्हवरच उमटवलेले असे, त्यामुळे तिच्यापासून निघणारी प्रत्येक प्रत ते लेणे अंगावर घेऊनच बाहेर पडे. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेल्या दीनदयाळांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, म्हणून त्यांच्या कामाविषयी खात्रीने बोलता येते. उलट कलकत्त्याच्या बोर्न अँड शेफर्ड या कंपनीचा बराचसा संग्रह १९९१ च्या आगीत गेला. प्रती जगभर विखुरलेल्या आहेत, पण मूळ गेले.

कायद्यानेही काचेलाच प्रमाण मानले. ब्रिटनचा १९११ चा कॉपीराइट कायदा १९१४ मध्ये किरकोळ फेरफारांसह भारतास लागू झाला. त्यातील छायाचित्रांसंबंधीचे कलम आज वाचताना मौज वाटते. स्वामित्वहक्काची मुदत पन्नास वर्षे होती, ती मोजायची मूळ निगेटिव्ह तयार झाल्या दिवसापासून; आणि निगेटिव्ह तयार होतेवेळी तिची मालकी ज्याच्याकडे असेल, तोच त्या छायाचित्राचा कर्ता मानला जाई. डोळा कोणाचा, प्रकाशाची पारख कोणाची, तासन्‌तास उन्हात उभे कोण राहिले, हे प्रश्न कायद्याच्या लेखी गौण होते. स्टुडिओचा मालक कर्ता. कॅमेऱ्यामागचा पगारी माणूस अनामिक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील कितीतरी भारतीय छायाचित्रांखाली आज नाव सापडत नाही, त्याचे एक कारण या कलमात असावे असे मला वाटते. नोटेवरील चित्राला तो जुना हिशेब लावला तर १९४६ अधिक पन्नास म्हणजे नेमके १९९६ येते. हा निव्वळ योगायोग. तोवर कायदा पार बदलला होता.

तो बदल १९५७ चा. स्वतंत्र भारताच्या कॉपीराइट कायद्याने छायाचित्राचा कर्ता म्हणजे ‘छायाचित्र टिपणारी व्यक्ती’ अशी व्याख्या केली. निगेटिव्हवरून दृष्टी उचलून ती माणसावर ठेवली गेली. एक जुनी वाट मात्र शिल्लक राहिली. मोबदला देऊन कोणी छायाचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला मालक काढवून घेणारा ठरतो. लग्नाच्या अल्बमवरून छायाचित्रकार आणि यजमान यांच्यात उडणाऱ्या खटक्यांचे मूळ येथे आहे: मालकी यजमानाची, कर्तेपण छायाचित्रकाराचे. आणि कर्ता म्हणून आपले नाव सांगण्याचा हक्क मालकी दुसऱ्याकडे गेल्यानंतरही उरतो, असे याच कायद्याचे ५७ वे कलम म्हणते. छायाचित्रांची मुदत आरंभी प्रकाशनापासून पन्नास वर्षे होती, ती १९९२ च्या दुरुस्तीने साठ झाली. २०१२ मध्ये छायाचित्रांसाठीचे वेगळे कलमच वगळण्यात आले आणि छायाचित्रकारालाही लेखक-चित्रकारांप्रमाणे हयातभर व नंतर साठ वर्षे असे संरक्षण मिळाले. निगेटिव्हच्या मालकापासून येथवर यायला जवळजवळ शतक लागले.

ज्या वर्षी आपल्या संसदेने कॅमेऱ्यामागच्या माणसाला कर्तेपण दिले, त्याच १९५७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत रसेल कर्श या अभियंत्याने आपल्या तान्ह्या मुलाचे एक छायाचित्र संगणकात उतरवले. १७६ गुणिले १७६ असे जेमतेम एकतीस हजार ठिपके. पहिले अंकीय छायाचित्र म्हणून ते ओळखले जाते. वरवर पाहता ही एक तांत्रिक करामत होती, पण तिने निगेटिव्ह ही कल्पनाच मोडीत काढली. काचेवरून काढलेली प्रत मूळापेक्षा किंचित उणी असते, प्रतीची प्रत आणखी उणी. आकड्यांची प्रत मात्र तंतोतंत मूळासारखीच असते. कपाटात कुलूपबंद करावे असे मूळ उरलेच नाही.

तरीही छायाचित्रांची लूट लगेच सुरू झाली नाही, कारण आकड्यांचे ओझे फार होते. साध्या दूरध्वनी तारेवरून एक रंगीत छायाचित्र पाठवणे अव्यवहार्य होते. ही कोंडी ज्या गणिताने फोडली त्याचे जनक मूळचे बंगळूरचे. नासिर अहमद यांनी तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतली आणि पुढील शिक्षणासाठी ते अमेरिकेस गेले. कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत असताना १९७२ मध्ये त्यांनी एका नव्या रूपांतराच्या अभ्यासासाठी राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे निधी मागितला. तो नाकारला गेला. कल्पना फारच साधी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. निधीविनाच त्यांनी १९७३ च्या उन्हाळ्यात काम रेटले, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह तीन-चार पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. राव हे मद्रासच्या गिंडी महाविद्यालयाचे पदवीधर. ते रूपांतर म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, संक्षेपाने डीसीटी. १९९२ मध्ये मान्य झालेल्या जेपेग मानकाचा तो कणा आहे. आपल्या मोबाइलमधील बहुतेक छायाचित्रे आजही त्याच्याच आधारे साठवली जातात.

हे गणित काय करते ते थोडे सविस्तर पाहू, कारण पुढची सगळी चढाओढ याच मैदानावर झाली. छायाचित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात चौसष्ट आकडे. प्रत्येक आकडा म्हणजे एका ठिपक्याची उजळी. डीसीटी या चौसष्ट आकड्यांच्या जागी दुसरे चौसष्ट आकडे देते. त्यातला पहिला सांगतो की चौकोन एकंदरीत किती उजळ आहे; त्यानंतरचे काही सांगतात की उजळी डावीकडून उजवीकडे, वरून खाली कशी सावकाश बदलते; आणि शेवटचे सांगतात बारीक कंगोरे, केसासारखे तपशील. माणसाचा डोळा सावकाश बदल चटकन टिपतो, अतिसूक्ष्म चढउतारांकडे दुर्लक्ष करतो. तेव्हा शेवटचे आकडे ढोबळ करून टाकले, पुष्कळसे शून्यच मानले, तरी चित्र पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि फाइल एकदशांश होते. गवळ्याने दुधातले पाणी काढून घट्ट दूध विकावे तसा हा प्रकार, फक्त येथे काढलेले पाणी परत घालता येत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा जेपेग छायाचित्रे जगभर वाहू लागली होती. आता कुलूप लावायचे कोठे? काचेच्या कडेला कोरलेल्या नावाची आठवण संशोधकांना झाली ती याच सुमारास. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू टर्केल, चार्ल्स ऑसबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३-९४ मध्ये ‘डिजिटल वॉटरमार्क’ ही संज्ञा शोधनिबंधांतून रूढ केली. त्यांची युक्ती सरळ होती. प्रत्येक ठिपक्याची उजळी शून्य ते २५५ यांमधील आकड्याने लिहितात. त्या आकड्याचा सर्वांत शेवटचा बिट बदलला तर १४६ चे १४७ होतात, डोळ्याला काही कळत नाही. असे लक्षावधी शेवटचे बिट जुळवून त्यांत खूण लपवायची. दुर्दैव असे की जेपेग सर्वप्रथम फेकून देते ते नेमके असलेच बारीक फरक. एकदा आकुंचित केलेल्या छायाचित्रात ही खूण उरत नसे.

यावरचा तोडगा अमेरिकेतील इंगेमार कॉक्स आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मांडला. १९९५ मध्ये अहवालरूपाने आणि १९९७ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झालेले त्यांचे म्हणणे त्या वेळी उफराटे वाटले असणार: खूण लपवायची तर चित्राच्या क्षुद्र भागात लपवू नका, सर्वांत महत्त्वाच्या भागात लपवा. संपूर्ण चित्राची डीसीटी काढायची, त्यातील सर्वांत मोठे असे हजार आकडे निवडायचे आणि त्या प्रत्येकात एका गुप्त यादृच्छिक यादीनुसार अत्यल्प बदल करायचा. हे हजार आकडे म्हणजेच चित्राचा जीव. खूण पुसायची म्हणून त्यांना हात लावला तर चित्रच विद्रूप होणार. लष्करी बिनतारी संदेशवहनातून ही कल्पना आली होती. तेथे संदेश अनेक कंप्रतांवर इतका पातळ पसरतात की शत्रूला नुसती खरखर ऐकू यावी. दुधात विरलेल्या साखरेसारखी ही खूण कोठेच दिसत नाही आणि सगळीकडे असते. नासिर अहमद यांच्या ज्या गणिताने छायाचित्रांना पाय फुटले, त्याच गणितात त्यांच्या मालकाची खूण दडवण्याची जागा सापडली. ती ओळखायला मात्र एक गोष्ट लागे: न बदललेले मूळ छायाचित्र. दोहोंची वजाबाकी केल्याशिवाय खूण सिद्ध होत नसे. काचेची निगेटिव्ह वेगळ्या रूपात परत आली होती.

त्याच काळात जेफ्री र्‍होड्स या भौतिकशास्त्रज्ञाला अवकाशातील प्रतिमा इंटरनेटवर टाकायच्या होत्या आणि त्या चोरीला जाण्याची धास्ती होती. त्यातून त्याने काढलेली डिजिमार्क ही कंपनी १९९५ ची. पुढच्याच वर्षी फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत तिची अदृश्य खूण उमटवण्याची सोय आली, आणि आता प्रश्न सुटला असे अनेकांना वाटले. तो आनंद फार टिकला नाही. केंब्रिज विद्यापीठातील फाबियां पेतिकोला, रॉस अँडरसन आणि मार्कस कून यांनी १९९७-९८ मध्ये स्टरमार्क नावाची छोटी प्रणाली लिहिली. ती छायाचित्र अगदी थोडे, डोळ्याला न कळेल इतके, वाकवी, ताणी, फिरवी. जणू ते कागदावर छापून पुन्हा स्कॅन केले आहे. खूण चित्रातच राही, पण ती शोधणाऱ्या यंत्राला तिची जागा सापडत नसे. त्या वेळच्या बहुतेक व्यापारी पद्धती या सौम्य धक्क्याने कोलमडल्या. संशोधकांनी हे खोडसाळपणाने केले नव्हते. कुलपाची परीक्षा ते फोडून पाहण्यातच होते, ही त्या क्षेत्राची रीत आहे.

मग उरला उघड ठसा: चित्राच्या मधोमध आडवे, अर्धपारदर्शक नाव. छायाचित्रे विकणाऱ्या संस्थांनी तो सर्रास वापरला. पाहणाऱ्याचा रसभंग होतो, पण चोर परावृत्त होतो, असा हिशेब. २०१७ मध्ये गूगलच्या ताली डेकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातील भोक दाखवून दिले. एका छायाचित्रावरचा ठसा पुसणे कठीण; पण तोच ठसा असलेली शेकडो छायाचित्रे हाती असली तर? एकात समुद्र, दुसऱ्यात आंब्याचे झाड, तिसऱ्यात लहान मूल. सगळ्यांत समान असते ती एकच गोष्ट, ठसा. सगळी एकावर एक ठेवून समान भाग वेगळा काढला की ठशाचा आकार आणि पारदर्शकता दोन्ही कळतात आणि मग तो प्रत्येक चित्रातून जवळजवळ निर्लेप वजा करता येतो. आपल्या प्रत्येक फोटोवर त्याच जागी तेच नाव चिकटवणारा माणूस चोराला अभ्यासाचे साहित्यच पुरवत असतो, असा याचा अर्थ. त्यांनी सुचवलेला उतारा साधा आहे: प्रत्येक चित्रागणिक ठसा किंचित वेडावाकडा उमटवावा.

माऊसची उजवी कळ निकामी करणे, चित्रावर अदृश्य पडदा टाकणे यांसारख्या संकेतस्थळी उपायांविषयी काय बोलावे? पडद्यावर जे दिसते त्याचा स्क्रीनशॉट घेता येतो. दार उघडे ठेवून खिडकीला गज लावण्याचा हा प्रकार आहे.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. छायाचित्राच्या फाइलमध्ये चित्राव्यतिरिक्त मजकूरही ठेवता येतो. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या परिषदेने छायाचित्रकाराचे नाव, ओळ, हक्क यांसाठी रकाने ठरवून दिले; १९९५ मध्ये जपानमधून आलेल्या एक्झिफ पद्धतीने कॅमेरा, वेळ, भिंगाची माहिती आपोआप नोंदवली जाऊ लागली. निगेटिव्हच्या कडेला कोरलेल्या अक्षरांचे हेच अंकीय रूप. ते कोणाला अडवत नाही, फक्त सांगते. परंतु समाजमाध्यमांवर छायाचित्र चढवले की ते पुन्हा आकुंचित होते आणि या ओघात तो मजकूर बहुधा गळून पडतो. त्याला एक समर्थनीय कारणही आहे. एक्झिफमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश असू शकतात. कोणा मुलीच्या घराचा किंवा दुर्मिळ पक्ष्याच्या घरट्याचा पत्ता असा उघडा पडू नये. पण पत्ता काढून टाकायचा म्हणून नावही पुसायचे, हे कोणत्या न्यायाने?

भारतीय कायद्याने या प्रश्नाची दखल घेतली आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले ६५-ख कलम सांगते की कृतीला जोडलेली हक्कविषयक माहिती परवानगीविना जाणीवपूर्वक काढणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. नक्कल करणे वेगळे आणि नाव पुसणे वेगळे, हे कायद्याने येथे प्रथमच स्पष्ट मान्य केले. माझ्या मते त्या दुरुस्तीतील ही सर्वांत दूरदृष्टीची ओळ आहे, आणि सर्वांत दुबळीही. कारण ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द माणसाला उद्देशून आहे. नाव पुसते ते यंत्र, दिवसाला कोट्यवधी छायाचित्रांचे, कोणाचाही विशेष हेतू नसताना. आपले छायाचित्र दुसऱ्याने उचलून आपल्या पानावर टाकले असेल तर मात्र व्यवहारात उपयोगी पडणारी तरतूद वेगळी आहे. लेखी तक्रार पोहोचल्यावर मध्यस्थ संस्थेने ३६ तासांत ते हटवावे आणि एकवीस दिवस हटवलेले ठेवावे; तेवढ्यात न्यायालयाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा दिसू शकते. तक्रारीसाठी स्वामित्वहक्काची नोंदणी असलीच पाहिजे असे नाही. हक्क छायाचित्र टिपल्याक्षणी निर्माण होतो. सिद्ध मात्र करावा लागतो.

नक्कल रोखायचीच नाही, नाव तेवढे टिकवायचे, अशी उघड भूमिका घेणारी चळवळही याच काळातली. क्रिएटिव्ह कॉमन्सचे पहिले परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले आणि त्यांची भारतीय आवृत्ती जानेवारी २००७ मध्ये आयआयटी मुंबईत प्रकाशित झाली. घ्या, वापरा, पण कर्त्याचे नाव द्या, हा त्यांतील सर्वांत साधा परवाना. विकिपीडियावरील आपल्या गडकिल्ल्यांची, फुलपाखरांची कितीतरी छायाचित्रे या अटीवर उपलब्ध आहेत. वर्तमानपत्रे आणि वाहिन्या ती घेतात आणि खाली ‘सौजन्य : इंटरनेट’ असे लिहितात. जो फुकट द्यायला तयार आहे, त्याचीही एवढी एकच अट पाळली जात नाही.

२०२२ नंतर सगळ्या चर्चेला नवे वळण मिळाले. चित्रे रचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली कोट्यवधी छायाचित्रांवर शिकवल्या गेल्या. लायन नावाच्या एका संग्रहात पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे होते. येथे नक्कल कोणाच्या पानावर टाकली जात नाही, तक्रार करावी असे ठिकाणच नसते. शिकागो विद्यापीठातील बेन झाओ यांच्या गटाने २०२३ मध्ये ग्लेझ नावाची प्रणाली काढली. डोळ्याला न दिसणारे फेरफार करून ती शिकणाऱ्या यंत्राची दिशाभूल करते. तिच्यावरही उतारा शोधणारे संशोधन दोन वर्षांत आलेच. स्टरमार्कची कथा पुन्हा घडली.

पण एक गोष्ट वेगळी घडली. गेटी इमेजेस या छायाचित्रसंस्थेने २०२३ मध्ये स्टेबिलिटी एआय या कंपनीवर दावे लावले, तेव्हा पुरावा म्हणून अशी चित्रे पुढे केली की जी यंत्राने नव्याने रचलेली होती आणि तरीही त्यांच्या अंगावर गेटीचा ठसा उमटलेला होता, अक्षरे वितळल्यासारखी, पण ओळखू येण्याजोगी. यंत्राने लक्षावधी छायाचित्रांत तो ठसा इतक्या वेळा पाहिला होता की तो चित्राचाच भाग आहे असे त्याला वाटले. लंडनच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मधील निकालात गेटीचे बहुतांश म्हणणे फेटाळले. जे मर्यादित यश मिळाले ते या ठशाच्याच बळावर, व्यापारचिन्हाच्या कायद्याखाली. ज्या उघड ठशाला गणितज्ञांनी २०१७ मध्ये कुचकामी ठरवले होते, त्याने नक्कल रोखली नाहीच. पण नक्कल झाली ही साक्ष त्याने दिली. आपल्याकडेही एएनआय वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे. तो मजकुराविषयीचा आहे, तरी त्यातून निघणारे तत्त्व छायाचित्रांनाही लागू पडणार हे उघड आहे.

कॅमेरे बनवणाऱ्यांचे धोरणही बदलत आहे. अडोब, बीबीसी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट आदींनी २०२१ मध्ये सीटूपीए ही संघटना स्थापन केली. तिच्या पद्धतीत छायाचित्र टिपले जाताच कॅमेरा त्या फाइलवर गूढलेखनाच्या आधारे सही करतो आणि पुढील प्रत्येक संस्कार त्याच साखळीत नोंदला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला लायका एम-११-पी हा अशी सही करणारा पहिला कॅमेरा. ही सही नक्कल थांबवण्याचा दावाच करत नाही. ती पुसताही येते. परंतु पुसली की खोटी दुसरी तिच्या जागी बसवणे फार अवघड. महागडा कॅमेरा नसलेल्या विद्यार्थ्यालाही यातले सार वापरता येते. जाळ्यावर टाकायची प्रत लहान ठेवावी, पूर्ण आकाराची मूळ फाइल, शक्य तर कॅमेऱ्याची रॉ फाइल, आपल्याकडे जपावी आणि तिच्या आयपीटीसी रकान्यात आपले नाव लिहून ठेवावे. उद्या त्या छायाचित्रावर दोघांनी हक्क सांगितला, तर दोघांकडेही सारखीच दिसणारी जेपेग असेल. आकडे तेच, रंग तेच, आकारही तोच. मग विचारले जाईल की याच्या आधीची आणि नंतरची चौकट कोणाकडे आहे, कापण्यापूर्वीची कड कोणाकडे आहे, रॉ फाइल कोणाकडे आहे. म्हणजे १९१४ च्या कायद्याने विचारलेलाच प्रश्न, निगेटिव्ह कोणाची?